आईचा अंगठा आणि इंग्लंडातलं गवती घर

इंग्लंडातल्या एका खेड्यात कॉटेज भाड्याने घेऊन आठवडाभर राहायचं आम्ही ठरवलं, आणि त्याचा पहिला परिणाम असा झाला की सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईला कणीक मळायला बंदी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं कोणीही विचारेल. मलाही तो उशिराच कळला. वास्तविक मी आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत क्वालिटी विभागाचा मॅनेजर आहे आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण तो ऑफिसात. घरात माझा हुद्दा कचरा खाली नेणारा इसम असा आहे.

तर आईकडे टॉफीचा एक पत्र्याचा डबा आहे. तो मुळात कोणी आणला हे कोणालाच आठवत नाही. टॉफ्या कोणी खाल्ल्या याबद्दल माझ्या मावशीचं एक मत आहे, त्यावर मी भाष्य करणार नाही. साताऱ्याला आई घरी ब्लाउज शिवायची तेव्हापासून त्या डब्यात सुया, दोरे, हूक आणि बटणं आहेत. झाकणावर एका इंग्लिश घराचं चित्र आहे. गवताचं जाड छप्पर, दारावर चढलेला गुलाब, आणि दाराशी एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर कोणी नाही. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे सिंगापूरला आली तेव्हा दागिने सुटकेसमध्ये होते आणि हा डबा हातातल्या पिशवीत. मुंबईच्या विमानतळावर ज्या माणसाने त्यातली कात्री काढून घेतली, त्याला आईने अजून माफ केलेलं नाही.

एकदा माझी मुलगी कादंबरी शाळेच्या युनिफॉर्मचं बटण लावून घेत होती. झाकणाकडे बघून तिने तिच्या पद्धतीने विचारलं, "आजी, धिस हाउस व्हेअर, आ?"

"विलायतेत," आई म्हणाली आणि तिने दातांनी दोरा तोडला. "त्या खुर्चीवर एकदा बसायचंय मला."

मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. माझ्या आईने 'मला पाहिजे' किंवा 'मला करायचंय' असं वाक्य बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिचं ठरलेलं वाक्य म्हणजे "मला काय, काहीही चालतं." हॉटेलात तेच, दवाखान्यात तेच. बाबांनी लग्नानंतर महाबळेश्वर की गोवा असं विचारलं तेव्हाही तेच म्हणाली आणि शेवटी दोघं बाबांच्या मामांकडे कराडला जाऊन आली. त्यामुळे हे एक वाक्य वाया जाऊ द्यायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

नीलिमाने, म्हणजे माझ्या बायकोने, इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स भागातलं एक घर शोधून काढलं. ती अकाउंटंट आहे, तिने शोधलेल्या गोष्टीत चूक निघत नाही. गवती छप्पर होतं, गुलाब होता, शाळेच्या जूनच्या सुट्टीत घर रिकामंही होतं. फोटोत खुर्ची मात्र दिसत नव्हती. मी घरमालकीण मिसेस व्हिटकोम यांना ईमेल करून विचारलं की दाराशी खुर्ची असते का. त्यांचं अत्यंत सभ्य उत्तर आलं की खुर्ची आहे, एका पायाने जरा डुगडुगते, पण आजवर कोणी पडलेलं नाही. सोबत घराचे नियम होते. छप्पर गवताचं असल्यामुळे मेणबत्ती लावू नये. जिना उभा आहे, उतरताना पाठमोरं उतरावं. तुळयांना डोकं आपटू नये. किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली ठेवलेली असेल.

कुंडीखाली! मी सिंगापूरसारख्या सुरक्षित शहरात राहतो आणि तरीही माझ्या दाराला दोन कुलपं आणि बाहेरून लोखंडी जाळी आहे, कारण मी मूळचा साताऱ्याचा आहे. मी त्यांना विनयाने दुसरी एखादी सोय सुचवली. त्यांनी कळवलं की सासूबाईंच्या काळापासून किल्ली तिथेच असते आणि गावातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. हे त्यांनी माझी काळजी मिटावी म्हणून लिहिलं होतं.

मग इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक आले, म्हणजे प्रबोध आला. प्रबोध बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत राहतो आणि फार वर्षांपूर्वी एक हिवाळा मँचेस्टरला होता, त्यामुळे इंग्लंड हा विषय त्याच्याकडे आहे. त्याने सांगितलं की तिथे फोडणी अजिबात द्यायची नाही. गवतात एकदा हिंगाचा वास शिरला की तो दिवाळीपर्यंत जात नाही. सगळं कोरडं न्यायचं, दशम्या, चटण्या, मेतकूट. दुकान दोन मैलांवर असेल आणि तेही मनात आलं तर उघडेल. समोरच्या फ्लॅटमधल्या लिम आंटींनी आईसाठी औषधी तेलाची बाटली आणून दिली आणि मला एक साधा प्रश्न विचारला. तिथे लिफ्ट नाही, एमआरटीची मेट्रो नाही, खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर नाही, मग पैसे देऊन तिथे राहायला का जायचं? आपल्या ब्लॉकखाली सगळं आहे.  खाली काहीच नसणं यातच गंमत आहे, हे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी इमारतीच्या, नवव्या मजल्यावर उभं राहून पटवून देणं अवघड असतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोड्याने पेंड खाल्ली ती व्हिसा केंद्रात.

आईचे कागद नीट होते. तिथल्या मुलीने गोड हसून तिला बोटं काचेवर ठेवायला सांगितली. मशीनने नकार दिला. मुलीने काच पुसली, आईची बोटं पुसली, थोडी ओली केली, दाबून ठेवायला सांगितली. मशीनचा हेका कायम. सिंगापूरला येता-जाता आईचे डोळे आणि चेहरा बघून काम होतं, म्हणून हे आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "आधारलाही असंच झालेलं," आई मला म्हणाली. "तिथल्या पोराने डोळ्यांवर भागवलं होतं." मुलीने तिचा दोष नसताना चारदा सॉरी म्हटलं. बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, जरा काळजी घेऊन थोड्या दिवसांनी परत या, असं तिचं म्हणणं पडलं.

परतीच्या ट्रेनमध्ये आई हात पदराखाली घेऊन बसली होती. मी ते हात बाहेर काढून बघितले. इतकी वर्षं त्या हातांनी मला वाढलं, पण ती बोटं मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. सुईने, खडूने, घासणीने आणि आमच्या पोळ्यांनी सगळ्या रेषा नेल्या होत्या. मला एकदम फार वाईट वाटलं. आईने हात काढून घेतले आणि म्हणाली, "राहू दे रे. मला काय, इथेही चालतं."

त्यामुळे तर मी इरेलाच पेटलो.

मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न टाकताच सल्ल्यांचा महापूर आला. खोबरेल लावा, ग्लिसरीन लावा, साय लावा. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, आणि मंडळाच्या इतिहासात ते प्रथमच घडत होतं. हातांना पूर्ण विश्रांती द्यायची. भांडी नाहीत, खवणी नाही, कणीक नाही, सुईदोरा तर मुळीच नाही. मी घरात बैठक घेतली आणि कामं वाटून दिली. पोळ्या नीलिमाकडे, भांडी माझ्याकडे, केर कादंबरीकडे. रविवारी पोळ्या माझ्याकडे आल्या. कादंबरीने पहिली पोळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "पापा, धिस वन पापड ला." मी मुलीला चांगल्या शाळेत घातलं आहे, त्याचे हे परिणाम.

प्रकल्प म्हटला की मोजमाप आलं. मी शाईचं पॅड आणलं आणि रोज संध्याकाळी आईच्या अंगठ्याचा ठसा घेऊ लागलो. पहिल्या दिवशी ती भडकलीच. "मी जुनी मॅट्रिक आहे, निशी. सही करते मी. अंगठेबहाद्दर समजलास की काय?" प्रगती मोजण्यासाठी हे आवश्यक आहे असं मी समजावलं. ठसे मी फ्रिजवर ओळीने लावत गेलो. आलेले पाहुणे विचारायचे की हे काय आहे, आणि आई त्यांना सांगायची की माझ्या मुलाने माझी इस्टेट लिहून घेतली.

ती दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असायची. निदान मी ऑफिसला निघायचो तेव्हा बसलेली असायची आणि परत यायचो तेव्हा बसलेली असायची. हातांवर साय चोपडलेली. तिला असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, बरंच झालं, जरा आराम मिळतोय. आपण किती चांगले आहोत असंही अधूनमधून वाटून जायचं.

पण ठसे सुधारेनात. आज एक रेष दिसावी आणि उद्या ती नाहीशी व्हावी. मी क्रीम बदललं. प्रबोधने म्हशीचं तूप सुचवलं, ते लिटिल इंडियात जाऊन आणलं. त्या भरवशावर आम्ही दुसऱ्यांदा व्हिसा केंद्रात गेलो, आणि मशीनने आईला पुन्हा ओळख दिली नाही. ज्याच्या सहीने कारखान्यातून सुटे भाग जगभर जातात, त्या माणसाला स्वतःच्या आईचा अंगठा पास करून घेता येऊ नये, ही नामुष्की मी कोणाला सांगणार? प्रबोधने ती ग्रुपवर सगळ्यांना सांगितली.

उलगडा झाला तो एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आलो तेव्हा. खिडकीशी खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी घाबरून कॉरिडॉरमध्ये आलो तर लिम आंटींच्या दाराबाहेर चपलांची रांग, आणि त्यात आईची चप्पल. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

आत माझी आई मशीनवर बसली होती. भोवती ब्लॉकमधल्या चार-पाच आंटी. एका बाजूला पडदे, दुसऱ्या बाजूला पॅंट्स आणि युनिफॉर्म यांचा ढीग, मध्ये टॉफीचा डबा उघडा. आईला चिनी येत नाही आणि त्यांना मराठी, पण कोणाचं काही अडत नव्हतं. एक आंटी स्वतःच्या पोटऱ्यांवर बोट ठेवून पॅंट कुठवर हवी ते दाखवत होती आणि आई तोंडात टाचण्या धरून मान हलवत होती. मला बघून लिम आंटी कौतुकाने म्हणाल्या, "युवर मदर व्हेरी फास्ट, यू नो." रोज मी लिफ्टमध्ये शिरलो की आई इकडे येत होती आणि मी यायच्या आत परत जाऊन हाताला साय फासत होती.

मी रीतसर चिडलो. घरी आणून तिला खुर्चीत बसवलं आणि कर्मचाऱ्याला मेमो देताना काढतो तो आवाज काढला. "आई, तुला खरंच जायचंय ना इंग्लंडला?"

"जायचंय की."

"मग हे काय चाललंय? आम्ही तुला काडीचं काम करू देत नाही, भांडीसुद्धा मी घासतोय, आणि तू चोरून दुसऱ्यांच्या पॅंट्स शिवतेस?"

आई हातांवरचे दोऱ्यांचे तुकडे वेचत राहिली. मग म्हणाली, "निशी, नुसतं बसलं ना, की तुझ्या घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं मला. हाताला काम असलं की विसरायला होतं. सकाळी तुम्ही तिघं निघून जाता, मी त्या खुर्चीत. पाहुण्याने किती दिवस राहावं याला काही रीत असते की नाही? आणि माझ्या इथे राहायच्या पासावर तरी काय लिहिलंय? लाँग टर्म व्हिजिट. तेवढं इंग्रजी येतं मला."

मी तिला सांगणार होतो की तो सरकारी शब्द आहे, त्याचा तसा अर्थ नसतो. पण ही बाई पहाटे उठून आमचे डबे का करत होती, घासलेली भांडी पुन्हा का घासत होती, आणि कधीच काही का मागत नव्हती, हे सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. मी तिला आराम देत होतो आणि ती माझ्या घरात जागा टिकवून ठेवायला धडपडत होती. मला रडू आलं. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मॅनेजरने असं करायचं नसतं, पण तेव्हा तिथे मॅनेजर कोणी नव्हताच.

नीलिमा आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. तिने पर्स ठेवली, आईच्या पायाशी जमिनीवर बसली, तिचा हात मांडीवर घेऊन त्यावर क्रीम चोळू लागली. मी जे प्रकल्प म्हणून करत होतो तेच ती करत होती, पण आई तिला हात देऊन बसली.

"आई," नीलिमा थोड्या वेळाने म्हणाली, "ते घर ना तुमचं, ना माझं, ना यांचं. ते आहे त्या व्हिटकोमबाईंचं. तिथे आपण सगळेच पाहुणे. तिथे तरी बसाल ना?"

आईने जरा विचार केला. "तिथे बसेन," ती म्हणाली. "सगळेच पाहुणे म्हटल्यावर कोण कोणाच्या आधी उठणार?"

दुसऱ्या दिवशी मी लिम आंटींना जाऊन खरं कारण सांगितलं. त्यांनी ताबडतोब मशीनवर चादर टाकली, आंट्यांना पडदे परत नेण्याचा हुकूम दिला आणि आईला रोज दुपारी टीव्हीसमोर बसवून चिनी मालिका दाखवायला सुरुवात केली. त्यातली सासू वाईट आहे एवढं आईला भाषेशिवाय कळत होतं. फ्रिजवरचे ठसे मी काढून टाकले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मशीनने जरा आढेवेढे घेतले आणि मग एकदाचा हिरवा दिवा लागला. तिथल्या मुलीने टाळी वाजवली. आईने तिच्याकडे पेन मागितलं. मुलगी म्हणाली की आता सहीची गरज नाही. तरी आईने पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपली पूर्ण सही करून तिला दाखवली आणि मगच उठली.

कॉटेजबद्दल फार सांगण्यासारखं नाही, म्हणजे माझ्या कपाळाला किती टेंगळं आली हे सोडलं तर. ती तुळई मला येताना लागली आणि जातानाही लागली. किल्ली कुंडीखालीच होती, सोबत एक गोगलगाय होती. प्रबोधच्या आज्ञेप्रमाणे आम्ही फोडणी दिली नाही, पण कादंबरीने पाव भाजला आणि धुराचा अलार्म असा कोकलला की शेजारच्या शेतातून एक गृहस्थ आपण होऊन मदतीला आले. सिंगापूरचा पाऊस एकदा मनसोक्त पडून घरी जातो, तिथला नुसता ताटकळत उभा असतो. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं. गुलाब खरंच दारावर होता. घराच्या नियमांचा कागद घडी करून मी खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली घातला, आणि आई शाल घेऊन तिच्यावर बसली.

आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो, ती कधी उठते म्हणून. बराच वेळ ती ताठ बसली होती, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. मग तिने पाठ टेकली. मग चपला काढल्या. नीलिमाने केलेला चहा मी नेऊन दिला तो तिने 'कशाला रे' न म्हणता घेतला. खिडकीच्या पडद्याची कड उसवलेली होती, तिकडे तिची नजर गेली. आम्ही श्वास रोखला.

"उसवलाय," आई म्हणाली, आणि बसून राहिली.

परत आलो त्या दुपारी सेरंगूनला नेहमीसारखं उकडत होतं. मी दोन्ही कुलपं आणि जाळी उघडली. सुटकेसा दारातच राहिल्या, कादंबरी पंख्याखाली आडवी झाली. प्रवासातून कुठूनही आलं तरी आई हातपाय न धुता आधी ओट्याशी जाते, हे आम्हाला इतकं सवयीचं होतं की नीलिमा तिला अडवायला आधीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

आई तिकडे गेलीच नाही. ती सरळ सोफ्यावर बसली. पाय वर घेतले. टॉफीचा डबा पिशवीतून काढून शेजारी ठेवला.

"निशी," ती म्हणाली, "चहा टाक."

नीलिमाने माझ्याकडे बघितलं आणि वाटेतून बाजूला झाली. मी आत जाऊन आधण ठेवलं. मला इतकं बरं वाटत होतं की साखर कुठल्या डब्यात असते तेच आठवेना. तेवढ्यात बाहेरून पुन्हा आवाज आला.

"आणि आलं घाल. तिकडे कोणी घातलंच नव्हतं."

मी आलं घातलं, दोनदा.